जिम्नॅशियम मिळालं नाही

माझी मुलगी जर्मनीत असते. लग्न होऊन गेली आणि तिकडचीच झाली. जावई मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहेत, मुलगी एका प्रयोगशाळेत काम करते. नात तिथेच जन्मली, तिथेच वाढते आहे. मी रत्नागिरीत, मांडवीला राहते. हायस्कुलात मुलांना इंग्रजी शिकवण्यात माझा जन्म गेला. नवरा गेल्यापासून घरात एकटी असते, पण अजून रस्त्यात कुणी ना कुणी 'बाई, नमस्कार' म्हणतं आणि मला बरं वाटतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या या बाईपणाचा मोठा वाटा आहे.

मे महिना होता. मी गच्चीवर फणसाची साठं घालत होते. गर वाटून, गूळ घालून, ताटांना तुपाचा हात लावून पातळ पसरत होते. दोन्ही हात कोपरापर्यंत चिकट, वरून कावळे टपलेले, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला. बोटाच्या टोकाने कसाबसा घेतला आणि कठड्यावर ठेवला.

"आई, तिला जिम्नॅशियम नाही मिळालं गं," ती म्हणाली. आवाज रडून बसलेला होता.

ती अगदी असं म्हणाली नव्हती. ती तिकडच्या तऱ्हेने 'गिम्नाझियुम' म्हणाली होती. मी मनातल्या मनात तिचा उच्चार दुरुस्त केला. एवढी वर्षं इंग्रजीच्या बाईंची मुलगी म्हणून वावरली आणि तिकडे जाऊन साधा शब्द बिघडवून बसली, असंही मनात आलं. 

"मग? त्यात रडायचं काय एवढं?"

"तिच्या बाईंनी शिफारस केली नाही. म्हणाल्या, तिला झेपणार नाही. एवढं रडली गं ती. जेवलीसुद्धा नाही."

झेपणार नाही म्हटल्यावर मला सगळं लख्ख समजलं, असं मला वाटलं. नात अंगाने गुटगुटीत होती. आदल्या खेपेला आली तेव्हा मी तिला भगवतीच्या किल्ल्यावर घेऊन गेले होते, तर वर पोचेपर्यंत तिचा चेहरा लाललाल झाला होता. तेव्हापासून ते माझ्या मनात होतंच. आता संधी मिळाली.

"खरंच आहे त्यांचं," मी म्हटलं. "अंगाने जास्तच आहे ती. या वयात एवढं वजन चांगलं नव्हे. धावायला लावलं तर धाप लागणार नाही तर काय होणार? त्या बाईंनी तोंडावर सांगितलं ते बरं केलं. तू तिचं ते चीज आणि लोणी आधी बंद कर. आणि एक वेळ जेवली नाही म्हणून काही बिघडत नाही. जिमबिम काही नको, घरीच सूर्यनमस्कार घाल म्हणावं."

मला वाटलं, फोन तुटला. मी ओणवी होऊन बघितलं तर चालू होता.

"आई," मुलगी अगदी हळू म्हणाली, "ती इथेच बसली आहे. तिला ऐकू येतंय."

"येऊ दे की. तिच्याच भल्याचं सांगते आहे."

"ठेवते मी."

मी परत साठांकडे वळले. मनात एवढंच आलं की हल्ली मुलांना काही बोलायची सोय उरली नाही.

संध्याकाळी मी नेहमीसारखी जेटीवर गेले. आमचा तिथे एक गट आहे. सगळे निवृत्त. कुणी पोस्टातले, कुणी कोर्टातले, दोन-तीन आम्ही शाळांमधल्या. आधी चालायचं, मग कठड्यावर बसून खाली गळ टाकून उभ्या असलेल्या मुलांना नावं ठेवायची, असा कार्यक्रम. त्यात एक वहिनी आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांचा मुलगा काही वर्षं जर्मनीत नोकरीला होता आणि त्या त्याच्याकडे सहा महिने राहून आल्या होत्या. तिथल्या गोष्टी त्या इतक्या सांगायच्या की माझ्या मुलीची गोष्ट काढायला मला जागाच मिळायची नाही. खरं सांगायचं तर त्या मला फारशा आवडत नव्हत्या.

त्या दिवशी मी मुद्दाम आधी तोंड उघडलं. गंमत म्हणून सगळं सांगितलं. नातीला जिममध्ये घेतलं नाही म्हणून आमच्या घरात कशी रडारड चालली आहे, आई लेकीपेक्षा जास्त कशी रडते आहे. नातीच्या चालण्याची थोडी नक्कलही केली. लोक हसले.

वहिनी हसल्या नाहीत. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी जिम म्हणाली का जिम्नॅशियम?"

"तेच ते. गिम्नाझियुम म्हणाली, त्यांच्या भाषेत."

"अहो, ती शाळा असते तिकडची. व्यायामाचा तिथे काही संबंध नाही. चौथी झाली की मुलांची वाटणी करतात. अभ्यासात पुढे असतात ती जिम्नॅशियमला जातात, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत. बाकीची दुसऱ्या शाळांत. आमच्या सुनेच्या शेजारणीने त्या वर्षी देव पाण्यात घातले होते." मग माझ्याकडे बघून जरा थांबल्या. "मुलीला वाईट वाटलं असेल हो."

कोर्टातले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "म्हणजे इंग्रजीच्या बाईंनीच स्पेलिंग चुकवलं म्हणायचं!" आणि पुन्हा सगळे हसले. मीही हसले. काय करणार?

घराकडे चालताना मला माझं फोनवरचं एकेक वाक्य आठवायला लागलं. अंगाने जास्तच आहे ती. त्या बाईंनी बरं केलं. एक वेळ जेवली नाही म्हणून बिघडत नाही. दहा वर्षांची पोर, शाळेने नाकारलेली, आईच्या शेजारी बसून आजीचा फोन ऐकते आहे, या आशेने की आजी काहीतरी गोड बोलेल. माझे कान तापले. समोरून ओळखीचे कुणीतरी आले, त्यांनी नमस्कार केला, तर मी मान वळवली.

पण घराच्या फाटकाशी पोचेपर्यंत माझं मन दुसरीकडे गेलं होतं. म्हणजे आपली नात हुशार नाही, असं मनात आलं. वहिनींना आता ते ठाऊक झालं. उद्या सगळ्या मांडवीला ठाऊक होईल. ज्या बाईंच्या हाताखालून एवढी मुलं इंजिनिअर, डॉक्टर होऊन गेली त्यांच्या नातीला तिच्या बाई म्हणतात, झेपणार नाही. या दोन लाजांपैकी पहिली मला रडवत होती, पण मोठी दुसरी होती. हे लिहिताना हात अडखळतो. पण होतं ते असं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. मुलगी कामावर निघाली होती.

"मला कळलं गं आता," मी म्हटलं. "ती शाळा असते होय? मला काय माहीत? आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थ वेगळा."

"हं."

"मग आता दुसरी काही सोय होते का? परत परीक्षा वगैरे? शिकवणी लावली तर? मी रोज व्हिडिओवर घेईन तिचा अभ्यास. कोणाला भेटून, सांगून..."

"आई," तिने मला तोडलं. "तू तिची माफी मागायला फोन केलास, का चौकशी करायला?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला रेआलशूल मिळाली आहे," ती म्हणाली. "चांगली शाळा आहे. तिथूनही पुढे जाता येतं. ती बरी होईल. तुझंच काय होईल मला माहीत नाही. माझ्या बारावीच्या निकालानंतर तू किती दिवस घराबाहेर पडली नव्हतीस, आठवतं? मला आठवतं."

मला आठवत होतं.

त्यानंतर तरी शहाणपण यायला हवं होतं. पण आठवड्याभराने जेटीवर वहिनींनी आपुलकीने विचारलं, "काय झालं हो नातीचं?" आणि मी उत्तर दिलं, "झालं की. पुन्हा परीक्षा घेतली त्यांनी. मिळालं जिम्नॅशियम."

इतक्या सहज बोलून गेले की माझं मलाच नवल वाटलं. वहिनी म्हणाल्या, "अरे वा, पेढे कुठायत?" आणि मी खरोखर पेढे नेले. गटातल्या प्रत्येकाने नातीचं कौतुक करत पेढा खाल्ला. मी तो डबा हातात धरून उभी होते आणि मला आनंदही होत होता. खोट्या गोष्टीचा खरा आनंद होतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पुढल्या वर्षी ऑगस्टात मुलगी आणि नात दोघी रत्नागिरीला आल्या. नात एका वर्षात ताडमाड वाढली होती. केस बारीक कापलेले, चष्मा लागलेला. मराठी तिचं छान आहे, फक्त सगळ्या जगाला ती 'तू' म्हणते. वाण्याला, रिक्षावाल्याला, शेजारच्या आजोबांना. रस्त्यावरच्या पाट्या मोठमोठ्याने वाचायची तिला भारी हौस.

आल्या दिवसापासून ती माझ्या मागे लागली. "आजी, मला तुझ्याबरोबर जेटीवर यायचं आहे."

"वारा फार असतो गं पावसाळ्यात. सर्दी होईल."

"मला नाही होत सर्दी."

"शेवाळ धरलेलं असतं. पाय घसरतो."

रोज एक नवं कारण काढत होते. मी एकटी जाऊन लवकर परत यायचे. गटातले विचारायचे, नातीला आणत का नाही, तर त्यांना सांगायचे, तिला बरं नाही. आंघोळ करून स्वच्छ कपडे घालून खिडकीत उभी असलेली नात मला येताना खालून दिसायची, आणि मला कळायचं की मी तिला लपवून ठेवते आहे.

नागपंचमीला दारावरची बेल वाजली. वहिनी होत्या. हातात डबा. "पातोळ्या केल्या होत्या," त्या म्हणाल्या. "म्हटलं, पोरीला तिकडे हळदीची पानं कुठली मिळायला? बरं नाही म्हणता ना, मीच आले भेटायला. कुठाय ती?"

ती समोरच होती, जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत. टुणकन उठली. "तू जर्मनीला राहिली होतीस ना? आईने सांगितलं. बस ना!"

वहिनींना तिचं 'तू' फार आवडलं. "काय गो बाय, बरं वाटतंय का आता?"

"मला काय झालं?" नातीने विचारलं.

मी मधेच म्हटलं, "चहा ठेवते हं," आणि उठले, पण उठून तिथेच उभी राहिले. दोघींना एकटं सोडायचा धीर होईना. मुलगी स्वयंपाकघरात होती, तिने आतूनच सांगितलं की चहा ती टाकते आहे.

वहिनींनी डबा उघडला. गरम हळदीच्या पानांचा वास खोलीभर पसरला. नातीने पान सोलून पातोळी काढली, तिच्या बोटांना गूळखोबऱ्याचं चुण लागलं, आणि वहिनींनी सहज, काही मनात नसताना विचारलं, "मग, जिम्नॅशियमला दुसरी भाषा कुठली घेतलीस? लॅटिन का फ्रेंच?"

"फ्रेंच," मी म्हटलं. "फ्रेंच घेतलं आहे तिने."

नातीने माझ्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. माझी काहीतरी चूक झाली आहे, ती दुरुस्त करायला हवी, असा तिचा चेहरा होता. "आजी, मी कुठे जिम्नॅशियममध्ये आहे? मी रेआलशूलमध्ये आहे. तुला माहीत आहे ना?"

मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने नातीकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. कप तिने एकेक करून खाली ठेवले.

"ती रेआलशूललाच आहे काकू, पहिल्यापासून," ती म्हणाली. आवाज शांत होता.

माझ्या तोंडातून "अगं, म्हणजे..." एवढंच निघालं. माझे पेढे खाल्लेली बाई माझ्यासमोर बसली होती. मी जमिनीकडे बघत होते. फरशीवर नातीच्या रंगपेटीतला एक निळा खडू पडला होता, तो मी वाकून उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"हां हां, बरोबर," वहिनी म्हणाल्या. "रेआलशूलच म्हणाल्या होत्या बाई. माझाच गोंधळ झाला. वय झालं गो बाय, नावं राहत नाहीत माझ्या लक्षात." आणि त्यांनी कप उचलला. "छान झालाय हो चहा. आलं घातलंस वाटतं?"

बँकेत जन्मभर आकडे तोंडपाठ ठेवलेली ती बाई. तिच्या लक्षात काय राहत नाही ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिने एक टोमणा मारला असता, नुसती भुवई उंचावली असती तरी मला सोसलं असतं. मनातल्या मनात मी तिच्याशी भांडले असते आणि सुटले असते. तिने सगळं आपल्या अंगावर घेतलं, नातीला अजून एक पातोळी दिली, दहा मिनिटं पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि निघाली. ती दारात चप्पल घालत असताना मी काहीतरी बोलायला गेले, तर माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "डबा सावकाश पाठवा. घाई नाही."

मुलगी कप विसळायला गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

नात पुन्हा चित्र काढायला बसली. मी तिच्या शेजारी खाली बसले. गुडघे दुखतात, पण खुर्चीत बसवेना.

"त्या आजीला खरंच आठवत नाही?" तिने विचारलं.

"आठवतं."

"मग ती खोटं बोलली."

"हो. माझ्यासाठी. मी आधी तिच्याशी खोटं बोलले होते."

ती थोडा वेळ रंगवत राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत आहे, माझ्या शेजारी ग्रीसची एक मुलगी बसते. तिच्या गावात सगळीच मुलं जिम्नॅशियमला जातात. सगळी! परीक्षाबिरीक्षा काही नाही. म्हणजे मी ग्रीसमध्ये असते तर मीपण असते. आणि आमच्या वर्गात एक पोलंडचा मुलगा आहे, त्याची आई जिम्नॅशियमला होती, पण मग त्यांनी ती जिम्नॅशियमं बंदच करून टाकली. आणि स्वीडनमध्ये मोठी झाल्यावर जातात, सोळा वर्षांची. आमच्या फ्रेंचच्या बाई म्हणतात, फ्रान्समध्ये तो चेंडू खेळायचा हॉल असतो. म्हणजे तू म्हणत होतीस तसा, जवळजवळ."

फ्रेंच ती खरोखरच शिकत होती. माझं तेवढंच बरोबर आलं होतं.

"हे सगळं तुला कुणी सांगितलं?"

"मीच विचारलं सगळ्यांना. एकदा मी वर्गात सांगितलं ना, माझ्या आजीला वाटलं जिम्नॅशियम म्हणजे जिम, तर सगळे हसले. मग प्रत्येक जण म्हणाला, आमच्याकडे असं असतं, आमच्याकडे तसं असतं. आणि बाईंनी सांगितलं, मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ..." ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. "उघडं! कपडे काढून व्यायाम करायचे ते लोक. तुमच्याकडे काय म्हणतात?"

"आमच्याकडे जिमखाना म्हणतात. आमच्या शाळेत जिमखाना म्हणजे एक खोली होती. तिच्यात फुटका कॅरम, लेझीम आणि एक क्रिकेटची बॅट होती. किल्ली शिपायाकडे."

"मग मी तिथे जाईन," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. ती आल्यापासून तिच्याबरोबर मी पहिल्यांदा मोकळेपणी हसले होते. त्यामुळे पुढचं बोलणं मला गाफील असताना ऐकावं लागलं.

"आजी, तुला माझी लाज वाटते?"

"नाही," मी म्हटलं. फार लवकर म्हटलं. शाळेत मुलं अशी उत्तरं द्यायची तेव्हा मी त्यांना परत विचारायचे. तिने परत विचारलं नाही.

"मला आधी वाटलं, मी जाड आहे म्हणून मला नाही घेतलं," ती म्हणाली. हातातला खडू कागदावर फिरतच होता. "तू फोनवर म्हणाली होतीस ना? आई म्हणाली, आजीचा घोटाळा झालाय. पण तू टीचर आहेस. मला वाटलं, टीचरला आतलं माहीत असतं. मग मी शाळेत डबा खायचे नाही. मैत्रिणीला देऊन टाकायचे. थोडेच दिवस. मग बाईंनी आईला बोलावलं."

मुलीने हे मला कधी सांगितलं नव्हतं. वर्षभर दर रविवारी फोनवर आम्ही हवापाणी, भाजीचे भाव, नातेवाईकांची आजारपणं सगळं बोललो होतो. हे तिने ठेवून दिलं होतं.

पोरीला जवळ घ्यावं म्हणून मी हात उचलला आणि तो तसाच राहिला. मला वाटलं, आपल्याला हक्क नाही. मग तीच सरकून माझ्या मांडीला टेकली, कारण तिला माझ्या पलीकडचा लाल खडू हवा होता. 

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "फोनवर बोलले ती, आणि नंतर लोकांना खोटं सांगितलं ती. दोन्ही. आणि लाज वाटत होती मला. तुझी वाटत होती. ती माझी चूक."

ती विचार करत होती. "आता?"

"आता माझीच वाटते."

"बरं," ती म्हणाली. "तू तो लाल देतेस का?"

मी दिला. स्वयंपाकघरातला नळ केव्हाच बंद झाला होता. मुलगी दाराच्या पलीकडे उभी होती की नव्हती, मी बघितलं नाही. रात्री जेवताना तिने मला न विचारता माझ्या पानात आणखी भात वाढला. एवढंच. आमच्यात ते बोलणं आजपर्यंत झालेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पावसाने उघडीप दिली तशी मी नातीला म्हटलं, "चल, जेटीवर जाऊ." वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. सगळ्यांसमोर सांगायचं ठरवलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं, नात जिम्नॅशियमला नाही, पेढे मी उगाच वाटले. वर्गात धडा घ्यायच्या आधी तयारी करावी तशी तयारी केली होती.

कठड्यावर सगळे होते. वहिनीही. नातीने सगळ्यांना नमस्कार केला आणि सगळ्यांना 'तू' म्हणून घेतलं. कोर्टातल्या गृहस्थांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "ही का आमची जिम्नॅशियमवाली हुशार नात?"

"तिच्या शाळेबद्दल मला जरा सांगायचं आहे," मी म्हटलं, आणि छत्रीची मूठ चाचपत राहिले. वर्गात अशी कधी अडखळले नव्हते.

नातीने माझ्याकडे वर बघितलं. मग ती त्यांच्याकडे वळली. "मी रेआलशूलमध्ये आहे. आजीला जर्मन येत नाही ना, म्हणून तिचा घोटाळा झाला. जर्मन फार कठीण असते."

"असं होय!" ते म्हणाले. "असेल बुवा. आम्हाला तर इंग्रजीच येत नाही, बाई रोज शेजारी बसूनसुद्धा." सगळे हसले. वहिनी समुद्राकडे बघत होत्या. बोलणं लगेच दुसरीकडे गेलं. पावसाळ्यातली बंदी उठून मासेमारी सुरू झाली तरी बाजारात अजून सुरमई कशी नाही, यावर कुणीतरी तावातावाने बोलायला लागलं.

मी तेव्हा बोलू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. पोरीने माझ्यापुढे एक सबब धरली होती, आदल्या दिवशी वहिनींनी धरली होती तशीच, आणि मी ती घेतली. मान हलवली. "हो, घोटाळाच झाला," म्हटलं. अकरा वर्षांच्या मुलीने मला झाकलं आणि मी झाकून घेतलं.

थोड्या वेळाने ती माझा हात ओढायला लागली. खाली खडकावर एक माणूस गळ टाकून बसला होता, त्याच्या गळाला काहीतरी लागलं होतं. आम्ही वाकून बघत राहिलो. पाण्यातून चांदीसारखं काहीतरी फडफडत वर आलं.

"याला काय म्हणतात?" तिने विचारलं.

मांडवीत इतकी वर्षं काढून मला तो मासा ओळखता आला नाही. तोंडात आलेलं एक नाव मी ठोकून देणार होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "त्यालाच विचार."

तिने कठड्यावरून वाकून, वाऱ्यावर ओरडून, त्या अनोळखी माणसाला विचारलं, "ए, तू काय पकडलंस?"